लित्वाकची चूक

"हे पान मी टाइप करणार नाही," मी म्हटलं आणि यंत्रातला कागद दोन्ही कार्बनांसकट सर्रकन ओढून काढला.

दोबोशसाहेब टेबलापलीकडे उभे होते. टोपी हातात, ओव्हरकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांना वाटलं, अक्षर लागत नसेल.

"कुठं अडलात, गेनियाबाई? वाचून दाखवू?"

"अक्षर झक्क लागतंय. तेच तर दुखणं आहे! चांगला धडधाकट माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापायला निघालाय, आणि कात्री मी पुरवायची?"

"सोळाच पानं आहेत," ते म्हणाले. "शुक्रवारी वाचायचाय."

शुक्रवारी एल्विरा सोखाच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा होती आणि दोबोशसाहेब तिचे परीक्षक होते. परीक्षकानं आपला अहवाल सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचा, ही आमच्याकडची रीत. बंद पाकिटात घालून पाठवला आणि सुटलो, असं नाही. आणि त्या अहवालात दोबोशसाहेबांनी काय लिहिलं होतं? प्रबंध उत्तम आहे, उमेदवारानं दाखवून दिल्याप्रमाणे प्रस्तुत परीक्षकाचं तिसरं प्रमेय खोटं आहे, म्हणून पाचवंही, म्हणून सातव्यापासून अकराव्यापर्यंतची सगळीच. प्रस्तुत परीक्षक म्हणजे कोण? तर हेच टोपी धरून उभे असलेले.

आता मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, हे सगळ्या व्रोत्सवाफ शहराला ठाऊक आहे. एकोणपन्नास साली मी गणित संस्थेत टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हापासून बावीस वर्षं मी शब्द टाइप केले आणि चिन्हांसाठी कोऱ्या जागा सोडल्या. आमच्या यंत्रावर कसली असणार ती ग्रीक अक्षरं आणि वेटोळी? पान टाइप झालं की ज्याचं त्यानं काळ्या शाईनं भरायचं. पण शब्द माझेच असायचे, आणि "म्हणून", "परंतु", "हे शक्य नाही" एवढं वाचून मला माणसाचं बरं चाललंय की वाईट, हे बरोबर कळायचं. या सोळा पानांत तर सगळा "म्हणून"चा सपाटा होता आणि प्रत्येक "म्हणून"पाशी दोबोशसाहेबांचं एकेक वर्ष उडत होतं.

माणूस एकटा. अठ्ठावन्न वर्षांचा, बायको नाही, पोर नाही, नात्यागोत्याचं कुणी नाही. सगळे ल्वूफला राहिले. म्हणजे ल्वूफच्या मातीत राहिले. ते शहर युद्धानंतर शेजाऱ्यांच्या ताब्यात, सीमेपलीकडे गेलेलं, त्याचं नाव आम्ही तेव्हा जरा खालच्या आवाजातच घ्यायचो. ओद्रा नदीकाठी एका खोलीत ते राहत. मंगळवारी दहा वाजता चर्चासत्राला येत, तिसऱ्या बाकावर रेडिएटरच्या बाजूला बसत. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. त्यांचं नाव कायेतान, आणि संत कायेतानाचा दिवस येतो सात ऑगस्टला. बाकीच्यांच्या नामदिनाला टेबलावर फुलं, केक, गाणी. सात ऑगस्टला संस्थेत कुत्रं नसायचं, सगळे सुट्टीवर. मी दरवर्षी त्यांच्या दाराच्या कडीला तीन ग्लॅडिओलस अडकवून यायचे. सप्टेंबरात ते येऊन गंभीरपणे आभार मानायचे. संपलं. एवढाच त्यांचा सण.

आणि ते प्रोफेसर नव्हते, दोत्सेंट होते. एक पायरी खाली. रीत अशी की दोत्सेंटलासुद्धा तोंडावर प्रोफेसरच म्हणायचं. पण कुणी म्हटलं की ते थांबवायचे, "अजून नाही." त्या वर्षी मात्र प्रोफेसरपदासाठी राजधानीत, वॉर्सोत, कागद गेला होता. शिफारस झाली होती, सही तेवढी बाकी होती. अशा वेळी स्वतःचीच सात प्रमेयं खोटी म्हणून चारचौघांत वाचायची? मला राग येणार नाही तर काय होईल!

"बसा," मी म्हटलं. "कोट काढा आणि बसा. चहा देते. मग बोलू."

ते बसले. कोट काढला नाही.

हे सगळं सुरू झालं होतं सहा आठवड्यांपूर्वी. एल्विरा सोखा ही संचालक रोगाला यांची विद्यार्थिनी. सव्वीस वर्षांची, बारकी, नखं खाणारी. एके दिवशी ती दोबोशसाहेबांच्या खोलीतून रडत बाहेर आली. मी तिला धरून माझ्याकडे बसवली.

"ओरडले का गं?"

"नाही हो, गेनियाताई. मी म्हटलं, तुमच्या तिसऱ्या प्रमेयात एके ठिकाणी 'हे उघड आहे' असं लिहिलंय. मी वर्षभर डोकं आपटलं, मला ते उघड होईना. मग मी एक उलटं उदाहरण बांधलं. सगळ्या अटी पाळतं आणि तरी तसं वागत नाही. मी म्हटलं, माझंच कुठंतरी चुकलं असेल, तेवढं दाखवा."

"मग?"

"अर्धा तास बघत बसले. मग उठून उभे राहिले आणि 'आभारी आहे' म्हणाले." आणि ती पुन्हा रडायला लागली.

म्हणजे शंभर अंडी चांगली निघाली म्हणून भागत नाही. सगळीच चांगली असं म्हटलंत आणि एक नासकं निघालं, की तुमचं म्हणणं खोटं. एवढं मलासुद्धा कळतं. त्या दिवसापासून सहा आठवडे दोबोशसाहेबांच्या खोलीचं दार बंद. ते ती एक जागा सांधायला बघत होते. एखादी जास्तीची अट घालून, वळसा घेऊन, कसंही. मी बाहेर ठेवलेला चहा कितीदा तसाच गार व्हायचा. आणि आता ही सोळा पानं.

"रोगालासाहेब काल येऊन गेले माझ्याकडे," मी त्यांच्यापुढे पेला ठेवत म्हटलं. "म्हणाले, गेनियाबाई, तुमचं ऐकतात ते. त्यांना म्हणावं तब्येतीचं कारण द्या, परीक्षक म्हणून नाव काढून घ्या. दुसरा कुणी वाचेल आणि ते तिसऱ्या प्रमेयाचं एका तळटीपेत टाकू. वॉर्सोची सही तेवढी होऊन जाऊ दे, म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सांगते. सांगितलं." मी कमरेचा एप्रन आवळला. "आणि माझंही तेच मत आहे. कोण वाचतंय हो त्या तळटिपा? जगात किती जण वाचतात तुमचं?"

त्यांनी खरंच मोजलं. बोटांवर. "नऊ," ते म्हणाले. "एक बुडापेस्टचा वारला. आठ."

"आठ माणसांसाठी?"

"माझ्यासाठी नाहीच हो हे, गेनियाबाई." ते पेल्याच्या धातूच्या कडीशी खेळत राहिले. "प्रमेय माझं नाहीये."

मग मला एकदम आठवलं. पन्नास साली त्यांचा पहिला निबंध मी टाइप केला होता, त्यात खाली एक ओळ होती: हे प्रमेय एस. लित्वाक यांचे, अप्रकाशित. तेव्हा संस्थेच्या नियतकालिकाचे संपादक रोगालाच होते. त्यांनी ती ओळ लाल पेन्सिलीनं काटली होती. छापलेलं नाही, कुठं बघायचं ते सांगता येत नाही, तर लिहायचं कशाला? दुसऱ्या निबंधात दोबोशसाहेबांनी पुन्हा लिहिली. पुन्हा काट. तिसऱ्यातही. मग जगात ते दोबोशचं प्रमेय झालं.

"लित्वाक कोण होता?" मी विचारलं. बावीस वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

त्यांनी मग सांगितलं. एरवी हवापाण्यावर दोन वाक्यं बोलणारा माणूस.

जर्मन होते तेव्हा ल्वूफमध्ये. विद्यापीठ बंद. टायफसची लस बनवायची एक संस्था होती, तिथे लशीसाठी उवा पाळायच्या आणि उवांना लागतं माणसाचं रक्त. तर माणसं ठेवायचे, पाजायला. उवांच्या चपट्या डब्या मांडीवर पट्ट्यानं बांधून पाऊण तास बसायचं. त्याबद्दल जास्तीचा शिधा आणि एक ओळखपत्र. ते पत्र असलं की रस्त्यावर धरपकडीत सहसा सोडून द्यायचे. अर्ध्या शहराची शिकलेली माणसं तिथे पाय उघडे टाकून बसलेली असायची. दोबोशसाहेबांच्या शेजारी सेवेरिन लित्वाक बसायचा. वय चोवीस.

"कागद मिळायचा नाही," ते म्हणाले. "त्यामुळे सगळं तोंडी. त्यानं तीन आठवड्यांत ते प्रमेय आणि सिद्धता मला सांगितली. रोज थोडी थोडी. मी मनात लिहून घ्यायचो. एका ठिकाणी तो म्हणाला, 'हे तर उघडच आहे,' आणि पुढे गेला."

"आणि तुम्हाला कळलं नाही."

"नाही कळलं. पण मी मान डोलावली. आमच्यात असंच असतं, गेनियाबाई. कुणी 'उघड आहे' म्हटलं की विचारायचा धीर होत नाही. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हटलं, मठ्ठ समजेल आपल्याला. आज रात्री विचार करू, नाहीच सुटलं तर उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी तो आला नाही."

"ओळखपत्र नव्हतं का त्याच्याजवळ?"

"होतं. त्या दिवशी बघितलं नसेल कुणी." 

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

"त्याच्या डब्या तिथेच होत्या. पाजल्या नाहीत तर यादीतून नाव काढतात. म्हटलं, येईल आणि नाव नसलं तर? मग एका मांडीवर माझ्या बांधल्या, एका मांडीवर त्याच्या. सोळा दिवस पाजल्या. सतराव्या दिवशी देखरेखीच्या बाईच्या लक्षात आलं."

"देवा रे," मी म्हटलं.

"त्याची आई पुढच्या महिन्यात गेली. फोटो नाही, कबर नाही, एक कागद नाही. फक्त ते प्रमेय. मी नंतर पुढचं सगळं त्याच्यावर बांधलं. आणि तिथे आलो की प्रत्येक वेळी लिहायचो, 'हे उघड आहे.' कारण तो तसं म्हणाला होता ना." ते हसले, पण ते काही हसणं नव्हतं. "त्या पोरीनं बरोबर तिथेच बोट ठेवलं."

मी नवा कागद आणि कार्बन यंत्रात घातले. टाइप करायला बसले. मुकाट्यानं दहा पानं झाली. अकराव्या पानावर त्यांनी हाताच्या खुणेनं थांबवलं.

"इथे जागा सोडा. 'हे विधान मूळ', मग कोरी जागा, मग 'यांचे आहे.'"

"किती मोठी?"

"नावापुरती."

"कुणाच्या नावापुरती? तुमच्या की त्याच्या?"

"तेच ठरत नाहीये." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "खरं होतं तेव्हा त्याला देता आलं नाही. आता खोटं ठरल्यावर त्याच्या नावावर करायचं? चोवीस वर्षांच्या पोराच्या? त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही."

"मग तुमचंच नाव घाला. सगळे तेच म्हणतात तसंही."

"मग तो कुठेच नाही, गेनियाबाई. कुठेच नाही मग तो."

मला तेव्हा इतकं भरून आलं की मी उगीचच रबर शोधायला लागले. आणि माझं तोंड हे असं, आत एक आणि बाहेर भलतंच. मी म्हटलं, "तुम्ही त्याचं नाव घातलंत ना, तर लोक काय म्हणतील माहितीये? चूक अंगाशी आली तेव्हा मेलेल्याच्या माथी मारली. असं म्हणतील. मी ओळखते यांना."

"हो," ते म्हणाले. "म्हणतील."

मी नावापुरती जागा सोडली. बारा अक्षरांची. दोघांपैकी कुणीही मावलं असतं.

शुक्रवारी अकरा वाजता मोठं दालन भरलं होतं. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, पाण्याचा जग, मधोमध रोगालासाहेब, गळ्यात संचालकपदाची साखळी. चाळीसेक माणसं. एल्विरा काळ्या ड्रेसमध्ये पुढच्या बाकावर, नखं खात. मी दाराशी बसले होते, मांडीवर अहवालाची दुसरी प्रत. त्यातली चिन्हं त्यांनी भरलेली नव्हती, सगळ्या जागा तशाच कोऱ्या. अकराव्या पानावरची ती जागासुद्धा. मूळ प्रतीत काय लिहिलंय, मला ठाऊक नव्हतं. सकाळी विचारायचा धीर झाला नाही.

दोबोशसाहेब उठले. चष्मा लावला. वाचायला लागले आणि काय सांगू, इतका बारीक आवाज की मागचे लोक "मोठ्यानं!" म्हणाले. त्यांनी आवाज चढवला. तिसरं प्रमेय खोटं आहे, असं त्यांनी वाचलं तेव्हा बाकांवर कुजबूज झाली. पाचवं म्हटलं तेव्हा थांबली. सातव्यापासून पुढे कुणी खोकलंसुद्धा नाही. मी बोट ठेवून ओळीबरोबर जात होते. अकरावं पान आलं.

"हे विधान मूळ," त्यांनी वाचलं आणि थांबले.

त्यांनी पाणी ओतून घेतलं. प्यायले. पेला खाली ठेवला. रोगालासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"हे विधान मूळ सेवेरिन लित्वाक यांचे आहे," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज कोपऱ्यापर्यंत पोचत होता. "ते त्यांनी मला ल्वूफमध्ये, त्रेचाळीसच्या मार्चमध्ये तोंडी सांगितले. ते चुकीचे आहे."

नाव आणि ल्वूफचं वाक्य सोडलं, तर इथपर्यंत माझ्या प्रतीत होतं. पुढचं नव्हतं. त्यांनी कागद खाली केला आणि चष्मा काढला.

"लित्वाकला आणखी एक आठवडा मिळाला असता तर ही चूक त्यानंच पकडली असती. मला अठ्ठावीस वर्षं मिळाली. मला पकडता आली नाही. कारण मी त्याला प्रश्न विचारला नाही. त्याची चूक एका आठवड्याची आहे, माझी अठ्ठावीस वर्षांची. नोंद करताना हे वेगवेगळं नोंदवावं."

मग चष्मा लावून उरलेली पाच पानं वाचली. शेवटी परीक्षकानं उमेदवाराला प्रश्न विचारायचा असतो. ते एल्विराकडे वळले.

"सोखाबाई, प्रबंधात 'दोबोशचे प्रमेय' असं सतरा ठिकाणी आहे. छापायला देताना तिथे 'लित्वाकचे' अशी दुरुस्ती कराल का?"

एल्विरा उठून उभी राहिली. "करीन."

"छापील आधार काय दाखवायचा तिनं?" रोगालासाहेब मध्येच म्हणाले.

"काही नाही."

"मग?"

"मी जिवंत आहे तोवर मला विचारा," दोबोशसाहेब म्हणाले आणि बसले.

मतदान झालं. एल्विरा डॉक्टर झाली, एकही मत विरोधात नाही. शेजारच्या खोलीत तिच्या आईनं आणलेलं खाणं मांडलं होतं. कांद्यातले हेरिंग मासे, बटाट्याचं सॅलड, खसखशीचा केक, चेरीची वोडका. मी ग्लास पुसत होते. माझी पाठ होती म्हणून रोगालासाहेबांना मी दिसले नाही की टायपिस्ट म्हणजे फर्निचर असं त्यांना वाटलं, देव जाणे. ते पाहुण्या परीक्षकाला म्हणत होते, "हुशार निघाला आमचा कायेतान. वीस वर्षं प्रमेय स्वतःचं, फुटल्यावर दुसऱ्याचं. आणि दुसरा काही उलट बोलायला येत नाही."

पाहुणा हसला.

मी फडका टेबलावर टाकला. "रोगालासाहेब! पन्नास साली ते नाव कुणी काटलं?"

"काय?"

"लाल पेन्सिलीनं. तीन निबंधांत, तीनदा. मी टाइप केलं होतं, मला विचारा. तेव्हा ते प्रमेय खरं होतं, त्याचं कौतुक होत होतं, आणि तेव्हासुद्धा या माणसानं दुसऱ्याचंच नाव लिहिलं होतं. तुम्ही काटलंत. म्हणालात, छापलेलं नाही."

त्यांचा चेहरा खरोखरच कोरा होता. त्यांना आठवतच नव्हतं. याचा मला जास्त राग आला. "गेनियाबाई, मी शेकडो निबंध तपासलेत," ते म्हणाले. "तुम्ही जरा कॉफीचं बघता का?"

"कॉफी गेली खड्ड्यात," मी म्हटलं. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. आणि दारात दोबोशसाहेब, कोट घालून निघायच्या बेतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"राहू द्या, गेनियाबाई," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत, असं म्हणतील म्हणून."

लोक पुन्हा बशांकडे वळले. त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही. कुणाला काय बोलावं ते सुचत नव्हतं असं मी आज म्हणते. त्या दिवशी मला सगळ्यांचे गळे धरावेसे वाटले. एल्विरा मात्र गेली. एका हातात हेरिंगची बशी, दुसऱ्यात पेला. तिनं दोन्ही त्यांच्यापुढे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"कसे होते ते?" तिनं विचारलं.

"कोण?"

"लित्वाक."

अठ्ठावीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसणार. मीसुद्धा कोण होता एवढंच विचारलं होतं, कसा होता नव्हे. दोबोशसाहेबांनी टोपी कट्ट्यावर ठेवली.

"डावखुरा होता," ते म्हणाले. "बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण पकडायचा. माझी दोन तोडली त्यानं. बीट अजिबात खायचा नाही, आणि त्या दिवसांत बिटाशिवाय दुसरं होतं काय! त्याच्या वाटचं बीट मी खायचो. मोठमोठ्यानं हसायचा, मग त्या देखरेखीच्या बाई ओरडायच्या, उवा बिचकतात म्हणून."

एल्विरा हसली. तेही.

"दिसायला?" तिनं विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. आम्ही वाट बघत होतो. ते खिडकीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"नाही आठवत," ते म्हणाले. "विचित्र आहे. सिद्धता शब्दन्‌शब्द पाठ आहे. एक शब्द गळू नये म्हणून रोज म्हणायचो, पहिली दहा वर्षं तर रोज. त्यातच बाकीचं… चेहरा कधी गेला ते कळलं नाही मला. मी भलतंच जपून ठेवलं, सोखाबाई."

एल्विरानं त्यांच्या कोटाचं बटण धरलं नाही की काही नाही. ती साधी मुलगी, तिला असलं सुचत नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली. त्यांनी हेरिंगचा एक तुकडा खाल्ला, छान झालंय म्हणाले, तिच्या आईला तसं सांगायला सांगितलं आणि गेले. मी खिडकीतून बघितलं. ट्रामच्या थांब्यावर ते एकटेच उभे होते आणि दोन ट्राम गेल्या तरी चढले नाहीत.

वॉर्सोहून सही आली नाही. कुणी नकारही कळवला नाही, कागद तिथेच कुठेतरी बसून राहिला. दोबोशसाहेब दोत्सेंट म्हणूनच निवृत्त झाले. नवं काही त्यांनी लिहिलं नाही. मंगळवारी मात्र येत राहिले, तिसरं बाक, रेडिएटरच्या बाजूला. एल्विराचा निबंध परदेशी छापून आला, तो मीच टाइप केला होता. सतराही ठिकाणी ते नाव मी शाईवर सोडलं नाही, ठोकून घातलं. तिथून ते कुणी उचललं, मग आणखी कुणी. आठ माणसांची वीस झाली असतील, जास्त नाही. पुढे एल्विरा शिकवायला लागली. पहिल्याच तासाला ती फळ्यावर ती खोटी सिद्धता लिहायची आणि पोरांना म्हणायची, चूक शोधा. महिनाभर कुणाला सापडायची नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मंगळवारच्या चर्चासत्रानंतर मी दोबोशसाहेबांबरोबर जिना उतरत होते. त्यांना गुडघ्यांचा त्रास, म्हणून एकेक पायरी. वर दुसऱ्या मजल्यावर दोन विद्यार्थिनी तावातावानं भांडत होत्या. जिन्यात आवाज घुमतो आमच्याकडे.

"हे काय उघड आहे!" एकजण म्हणाली.

"आहेच मुळी!"

"शहाणे, लित्वाकलासुद्धा असंच वाटलं होतं!" आणि दोघी खिदळायला लागल्या.

दोबोशसाहेब थांबले. त्या पोरींना लित्वाक कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. वर्गातल्या एखाद्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. ते कठड्याला धरून मागे वळले आणि मान वर करून बघत राहिले. त्या पोरी हसत हसत आमच्या शेजारून धाडधाड उतरून गेल्या. तरी ते वरच बघत होते.

"चलायचं ना?" मी म्हटलं.

"थांबा जरा, गेनियाबाई," ते म्हणाले.

मी थांबले.